देह, शरीर की मांस? ग्रीक नव्या करारातले अंगाचे शब्द मराठीत आणणाऱ्या नवख्यांसाठी

चार वर्षांपूर्वी सोलापुरात आमच्या तरुणांच्या बायबल वर्गासाठी गलतीकरांस पत्राचा पाचवा अध्याय सोप्या मराठीत आणायचं काम माझ्याकडे आलं. ग्रीक मी निवृत्तीनंतर शिकले, त्यामुळे उत्साह दांडगा होता. 'सार्क्स' (कोशातला पहिला अर्थ: मांस, देह) हा ग्रीक शब्द दिसेल तिथे 'देह' लिहायचं असं ठरवलं आणि ते इमानेइतबारे पाळलं. 'देहाची कर्मे' वाचून झाली तसा मागच्या बाकावरून एक पोरगा म्हणाला, "मॅडम, मग उद्यापासून जिम बंद करू का?"

सगळे हसले, मीही हसले. घरी येऊन ती यादी पुन्हा काढली. पत्राचा लेखक पौल याने तिथे पंधरा कर्मं मोजली आहेत (काही हस्तलिखितांत यादी आणखी लांबते). त्यातली जारकर्म, दारूबाजी अशी चार-पाच अंगाशी संबंधित. बाकीची वैर, कलह, मत्सर, राग, तट, फुटी अशी. गटबाजी करायला देह कशाला लागतो? पोराचा प्रश्न बरोबर होता, माझा शब्द तिथे कमी पडला होता.

त्यानंतर हे काम मी नव्याने शिकले. नव्याने हात घालणाऱ्यांसाठी त्याच पायऱ्या इथे मांडते.

आधी हे जवळ घ्या

- ग्रीक नवा करार: नेस्ले-आलांडची २८वी आवृत्ती (२०१२) किंवा युनायटेड बायबल सोसायटीजची ५वी (२०१४). मुख्य पाठ दोन्हींत तोच, तळटिपा वेगळ्या. एस.बी.एल. (सोसायटी ऑफ बिब्लिकल लिटरेचर) या संस्थेचा ग्रीक पाठ (२०१०) फुकट उतरवून घेता येतो. पण त्याच्या तळटिपांत छापील आवृत्त्यांमधले फरक आहेत, हस्तलिखितांमधले नाहीत.
- बाउअर-डँकर यांचा कोश (तिसरी आवृत्ती, २०००) आणि लो-नायडा यांचा कोश (१९८८). दुसऱ्यात शब्द वर्णानुक्रमाने नाहीत, अर्थाच्या घराण्यांप्रमाणे लावलेत. आपल्या कामाला तो जास्त उपयोगी.
- सेप्टुआजिंट, म्हणजे जुन्या कराराचं प्राचीन ग्रीक भाषांतर. नव्या कराराच्या लेखकांच्या कानात हेच होतं.
- बायबल सोसायटीचं प्रचलित मराठी बायबल आणि शेजारी पंडिता रमाबाईंचं. रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये बसून हिब्रू-ग्रीकवरून साध्या मराठीत भाषांतर केलं. त्या १९२२ साली वारल्या, बायबल १९२४ साली छापून निघालं. केडगाव आपल्याच सोलापूर-पुणे रेल्वेमार्गावर आहे, हे मला दर प्रवासात आठवतं.
- मोल्सवर्थचा मराठी कोश (दुसरी आवृत्ती, १८५७).
- शंभर पानी वही आणि पेन्सिल. पेन नको, का ते शेवटी सांगते.
- ग्रीक न येणारा आणि तुमची भीड न बाळगणारा एक माणूस. हे साधन सगळ्यांत अवघड.

पायरी १: इंग्रजीच्या दारातून आत येऊ नका

आपण बहुतेक जण ग्रीक शिकतो ते इंग्रजी पुस्तकांतून, आणि नकळत इंग्रजीच्या अडचणी आपल्या म्हणून उचलतो. प्रकटीकरण १०:१ मध्ये देवदूताचे 'पोदेस' अग्निस्तंभांसारखे आहेत. इंग्रजीत पावलं आणि तंगड्या यांना वेगळे शब्द, त्यामुळे एक भाषांतर एक म्हणतं, दुसरं दुसरं. मराठीत 'पाय' लिहा आणि पुढे चला. 'खेइर'चंही, म्हणजे हाताचंही, तसंच. ग्रीकमध्ये हा शब्द मनगटालाही पुरतो, म्हणून प्रेषितांची कृत्ये १२:७ मध्ये पेत्राच्या 'हातांतून' साखळ्या गळून पडतात. क्रुसावर येशूला ठोकलेले खिळे तळहातात की मनगटात, या वादावर इंग्रजीत पानंच्या पानं आहेत. आपला 'हात' खांद्यापासून बोटांपर्यंत पसरलेला आहे. तो हा वाद उघडा ठेवतो, आणि मूळही उघडाच ठेवतं.

तेव्हा कोशातला इंग्रजी अर्थ वाचून लगेच मराठी प्रतिशब्द शोधू नका. कोशात दिलेली वचनं उघडा, ग्रीक ओळ वाचा, मग आपल्या आजीने ही गोष्ट कशी सांगितली असती ते आठवा.

पायरी २: सार्क्सला एकच कपडा शिवू नका

सार्क्स आणि सोमा (शरीर) हे दोन्ही शब्द नव्या करारात प्रत्येकी दीडशेच्या आसपास वेळा येतात. सार्क्सची प्रत्येक जागा वहीत उतरवा. कंटाळवाणं काम आहे, दोन रविवार जातात, पण याला पर्याय नाही. उतरवलं की दिसायला लागतं, की हा एक शब्द निदान पाच-सहा कामं करतो.

लूक २४:३९ मध्ये पुनरुत्थित येशू म्हणतो, भुताला सार्क्स आणि हाडं नसतात. इथे मराठीतलं 'हाडमांस' अगदी चपखल. लूक ३:६ मध्ये 'सगळं सार्क्स' देवाचं तारण पाहील, म्हणजे सगळी माणसं. रोम १:३ मध्ये येशू 'सार्क्सप्रमाणे' दाविदाच्या वंशातला, म्हणजे जन्माने, कुळाने. मार्क १०:८ मधल्या नवराबायकोच्या 'एका सार्क्स'ला आपल्याकडे 'एकदेह' रूढ आहे आणि ते छान आहे. मत्तय १६:१७ मध्ये 'सार्क्स आणि रक्त' यांनी तुला हे कळवलं नाही, म्हणजे कुणा माणसाने नाही.

आणि मग पौलाची खास जागा: गलती ५, रोम ८. इथे सार्क्स म्हणजे देवाकडे पाठ फिरवून स्वतःच्याच बळावर जगणारा माणूस, सगळाच्या सगळा, बुद्धीसकट. रोम ८ मध्ये प्रचलित मराठीने 'देहस्वभाव' हा जोडशब्द घडवला आहे. मला तो आवडतो, कारण त्यात मूळची खुणगाठ राहते आणि जिमवालाही फसत नाही. काही जण सरळ 'पापी स्वभाव' लिहितात. ते भाषांतर नाही, टीप आहे. इंग्रजीतल्या एका लोकप्रिय भाषांतराने, एन.आय.व्ही.ने, वर्षानुवर्षं तेच केलं आणि २०११ च्या आवृत्तीत बहुतेक ठिकाणी माघार घेऊन पुन्हा जुना शब्द आणला. त्यांनी दिलेली फी आपण पुन्हा भरायची गरज नाही.

सापळा: एकटं 'मांस' कधीही लिहू नका. आमच्याकडे मांस म्हटलं की पातेल्यातलं मटणच डोळ्यांपुढे येतं. ग्रीकमध्ये खायच्या मांसाला 'क्रेआस' हा वेगळा शब्द आहे, रोम १४:२१ आणि १ करिंथ ८:१३ मध्ये तोच आहे.

याला सगळ्यांत अडचणीची जागा योहान ६. तिथे येशू सार्क्स खाण्याबद्दल बोलतो आणि ऐकणारे हादरतात. शिष्यच म्हणतात, हे बोलणं कठीण आहे. तिथे गोडवा आणायला 'शरीर' घालू नका. शेवटच्या भोजनातल्या 'हे माझे शरीर' या वाक्यात सोमा आहे, इथे नाही. लेखकाने ऐकणाऱ्यांना दचकवलं असेल तर मराठी वाचकालाही दचकू द्या.

योहान १:१४ वर मी सगळ्यांत जास्त अडले. 'शब्द देही झाला' हे प्रचलित वाक्य मला पाठ आहे, लाडकं आहे. पण वर्गातल्या एका मुलीला अर्थ विचारला तर ती म्हणाली, "शब्द देहात झाला." तिच्या कानात 'याचि देही याचि डोळा' मधलं 'देही' होतं. शिवाय देही म्हणजे देहात राहणारा आत्मा, हा संस्कृतातला अर्थ आहेच. योहानाला 'माणूस झाला' म्हणता आलं असतं, 'सोमा झाला' म्हणता आलं असतं. त्याने मुद्दाम खडबडीत शब्द उचलला. माझ्या वहीत 'हाडामांसाचा माणूस झाला' असं लिहिलंय. एका ज्येष्ठांना ते फार बोलीतलं वाटतं. वाटू दे, ओळ पेन्सिलीतच आहे.

पायरी ३: सोमा जिवंत आहे, मेलेलं आहे की विकाऊ?

सोमाला 'शरीर' हा शब्द बहुतेक ठिकाणी चालतो: रोम १२:१ मध्ये यज्ञ म्हणून द्यायची शरीरं, १ करिंथ १२ मध्ये मंडळी हे ख्रिस्ताचं शरीर. मराठी परंपरेने मोठ्या मानाने सार्क्सला देह आणि सोमाला शरीर अशी वाटणी केली आहे. ही किती मोलाची आहे हे सोलापुरात पटकन कळतं, कारण इथे शेजारचा ख्रिस्ती बांधव तेलुगू बायबल घेऊन बसलेला असतो. तेलुगूत गलती ५:१९ मध्येही 'शरीर' आणि १ करिंथ १२:२७ मध्येही 'शरीर'. उर्दूवाले योहान १:१४ ला 'कलाम मुजस्सम हुआ' म्हणतात. चार भाषांच्या गावात राहता, तर शेजाऱ्याचं पुस्तक उघडून बघत जा. आपल्या भाषेने काय कमावलं आणि काय सोडलं ते तिथे दिसतं.

आता मेलेलं शरीर. मार्क १५:४३ मध्ये अरिमथाईकर योसेफ रोमी सुभेदार पिलाताकडे येशूचं 'सोमा' मागतो. पंचेचाळिसाव्या ओवीत पिलात त्याला देतो ते 'प्तोमा', म्हणजे प्रेत. मागणाऱ्याच्या तोंडी एक शब्द, देणाऱ्याच्या कारभारात दुसरा. नंतरच्या पुष्कळ हस्तलिखितांनी इथेही 'सोमा' करून टाकलं. म्हणून म्हटलं, तळटिपा असलेली प्रत घ्या. सरकारी दवाखान्याच्या शवागाराबाहेर तुम्ही कधी उभे राहिला असाल तर हा फरक शिकवावा लागत नाही. आतला माणूस विचारतो, "बॉडी कुणाची?" बाहेरचे म्हणतात, "आमच्या दादांना न्यायला आलोय." मी योसेफाला 'शरीर' आणि पिलाताला 'प्रेत' दिलं. 'पार्थिव' टाळलं, ते वर्तमानपत्री आहे.

सोमाचा तिसरा अर्थ मला एका विडी कामगार मावशींनी शिकवला. प्रकटीकरण १८:१२-१३ मध्ये बाबेल नगरी पडल्यावर व्यापारी रडतात, कारण त्यांचा माल आता कुणी घेत नाही. मी मालाची यादी वाचत होते: सोनं, चांदी, मोती, तलम ताग, जांभळं कापड, रेशीम, किरमिजी कापड. खोलीत निम्मे लोक यंत्रमागाच्या घरातले. कापडाची नावं आली तसे सगळे सावरून बसले. एकाने विचारलंच, की जांभळं वेगळं आणि किरमिजी वेगळं कशाला मोजलं? मग दालचिनी, तेल, गहू, मेंढरं, घोडे, रथ, आणि मी वाचलं, "शरीरे व मनुष्यांचे जीव."

मावशी म्हणाल्या, "शरीरं म्हणजे? प्रेतं विकत होते का वो?"

मी सांगितलं, त्या काळी ग्रीकमध्ये गुलामांना नुसतं 'सोमाता', शरीरं, म्हणत. सेप्टुआजिंटमध्ये उत्पत्ती ३६:६ ला एसाव घरातली माणसं घेऊन निघतो, तिथेही 'सोमाता' आहे.

"मग माणसं विकली म्हणा की सरळ. घोड्यानंतर माणसं."

आता वाचनासाठी मी 'गुलाम, म्हणजे माणसांचे जीव' असं लिहिते आणि टिपेत 'मूळ शब्द: शरीरे' असं देते. 'शरीरे'तला थंडपणा त्यात हरवतो हे मला मान्य आहे. दोन्ही एका ओळीत बसवणं मला अजून जमलेलं नाही.

१ करिंथ १५:४४ मधल्या 'सोमा प्सिखिकोन'ला प्रचलित मराठीत 'प्राणमय शरीर' आहे. शब्द देखणा आहे, पण उपनिषदांतले पंचकोश माहीत असलेला वाचक लगेच अन्नमय-प्राणमय-मनोमय अशी शिडी लावतो. टीप द्या.

पायरी ४: पोट आणि आतडं, इथे मराठी श्रीमंत आहे

'कोइलिया' म्हणजे पोट आणि गर्भाशयही. इंग्रजीला दर वेळी निवडावं लागतं, आपल्याला नाही. लूक १:४४ मध्ये अलीशिबेच्या पोटात बाळ उडी मारतं, फिलिप्पै ३:१९ मध्ये पोट हाच त्यांचा देव. 'पोटची पोर' म्हणणाऱ्या भाषेला कोइलिया समजावून सांगावा लागत नाही. फक्त योहान ७:३८ मध्ये सांभाळा: विश्वास ठेवणाऱ्याच्या कोइलियातून जिवंत पाण्याच्या नद्या. 'पोटातून नद्या' वाचलं तर पोरं खाली माना घालून हसतात. मी 'आतून, अगदी खोलातून' असं केलं.

'स्प्लांख्ना' म्हणजे आतडी. प्रेषितांची कृत्ये १:१८ मध्ये यहूदाची खरोखरच बाहेर पडतात. पण त्यातून निघालेलं क्रियापद शुभवर्तमानांत येशूसाठी आणि त्याच्या दाखल्यांतल्या माणसांसाठी येतं: गर्दी पाहून त्याची, जखमी वाटसरूला पाहून शोमरोन्याची, दुरून मुलगा दिसल्यावर बापाची आतडी हलतात. इंग्रजीत याची 'दया' झाली आणि शब्द कोरडा पडला. आपल्याकडे आतडं तुटतं, पोटात कालवतं, काळीज हलतं. गर्दीसाठी रूढ 'कळवळा' ठेवा. पण लूक १५:२० च्या बापासाठी मी 'त्याचं आतडं तुटलं' असं लिहिलं आणि वाचताना एक आजोबा चष्मा पुसायला लागले. फिलेमोन १२ मध्ये पौल अनेसिम या गुलामाला 'माझी स्प्लांख्ना' म्हणतो. 'माझ्या काळजाचा तुकडा' याहून जवळचं काही मला सुचलं नाही, सुचवून बघा.

प्रकटीकरण २:२३ मधलं 'नेफ्रोस', मूत्रपिंडं, मात्र शब्दशः आणू नका. 'अंतर्याम' म्हणा आणि सुटा.

पायरी ५: जी गाठ मुळात सुटत नाही, ती तुम्ही सोडवू नका

१ थेस्सलनी ४:४ मध्ये पौल म्हणतो, प्रत्येकाने आपलं 'स्केवॉस' पवित्रतेने कसं मिळवावं किंवा ताब्यात ठेवावं हे जाणावं. स्केवॉस म्हणजे भांडं. कुणी म्हणतं स्वतःचं शरीर. आधाराला २ करिंथ ४:७ मधली मातीची भांडी आहेत. कुणी म्हणतं बायको. १ पेत्र ३:७ मध्ये तिला नाजूक भांडं म्हटलंय, आणि 'क्तास्थाय' या क्रियापदाचा नेहमीचा अर्थ मिळवणं असा आहे. जुन्या काळापासून दोन तट आहेत. मी आधी 'पात्र' लिहिलं, पण मराठीत पात्र म्हणजे लायक, आणि नाटकातलंही. 'भांडं' लिहिलं तर स्वयंपाकघर. शेवटी ओळीत 'आपलं पात्र, म्हणजे शरीर' आणि टिपेत 'किंवा पत्नी'. समाधान झालेलं नाही.

मत्तय ६:२७ ची गंमत वेगळी. चिंता करून कोण आपल्या 'हेलिकिया'त एक 'पेखुस' वाढवू शकतो? हेलिकिया म्हणजे वय किंवा उंची. लूक १९:३ मध्ये जक्कय हेलिकियाने लहान म्हणून झाडावर चढतो, तिथे उंचीच. योहान ९:२१ मध्ये आंधळ्याचे आईबाप म्हणतात, त्याला हेलिकिया आहे, त्यालाच विचारा; तिथे वयच. आणि पेखुस म्हणजे कोपरापासूनचा हात, मोजमापाचा. हे माप आपल्याकडेही 'हात'च! लुगडं नऊवार म्हणायच्या आधी हातांवरच मोजत. 'आयुष्य हातभर लांबवणं' मराठीत बेमालूम बसतं. उंची घेतली तर दीडेक फूट उंची म्हणजे 'एवढीशी गोष्ट' हे लूकने याच वचनाला जोडलेलं पुढचं वाक्य (लूक १२:२६) लटकतं. म्हणून मी आयुष्याच्या बाजूची.

पायरी ६: जुन्या करारातलं वचन जुळवायला जाऊ नका

इब्री १०:५ मध्ये वचन आहे: 'तू माझ्यासाठी सोमा सिद्ध केलंस.' ते स्तोत्र ४० मधलं. उत्साहाने स्तोत्र उघडाल तर तिथे शरीर नाही, कान आहेत. हिब्रूत 'तू माझे कान खोदलेस' असं आहे. छापखान्याची चूक नव्हे. इब्रीचा लेखक सेप्टुआजिंट वापरतोय. एका जागी कान आणि दुसऱ्या जागी शरीर तसंच राहू द्या आणि खाली दोन ओळींची टीप द्या. मी पहिल्या वेळी इब्रीतच 'कान' करून टाकले होते, आणि पुढचा सगळा युक्तिवाद, जो शरीराच्या अर्पणावरच उभा आहे (१०:१०), कोसळला.

पायरी ७: मोठ्याने वाचा, पण कुणापुढे तरी

मनातल्या मनात सगळंच बरं वाटतं. आमच्या वाचनात पकडले गेलेले शब्द: 'अंग' ('ख्रिस्ताचे अंग' म्हटलं की कुणाला अंगात येणं आठवतं, कुणाला बायकांचं दुखणं); 'कुडी' (अर्थ बरोबर, पण दोघींनी कानातल्या मोत्याच्या कुड्या चाचपल्या); 'काया' (भजनात गोड, पत्रात नाटकी). ऐकणाऱ्यांना 'कळलं का?' असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. "तुमच्या शब्दांत सांगा बरं," असं म्हणा आणि गप्प बसा.

पायरी ८: वही

प्रत्येक वचनाला पाच रकाने: ग्रीक शब्द, ओळीतलं काम, निवडलेला मराठी शब्द, सोडलेला शब्द, कुणी काय म्हटलं. सोडलेल्या शब्दाचा रकाना रिकामा ठेवलात तर सहा महिन्यांनी तोच शब्द नवा शोध म्हणून परत आणाल. माझं तीनदा झालंय. निवडलेला शब्द पेन्सिलीने लिहा. माझ्या वहीत १ थेस्सलनी ४:४ समोरचा कागद खोडून खोडून इतका पातळ झालाय की मागच्या पानावरचा जक्कय त्यातून दिसतो.